टांझानियातल्या सफारीत टिप कशी द्यावी?

मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं टांझानियाला जातोय. तारांगिरे, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी, एकूण सहा दिवस. ड्रायव्हर-गाईड सगळे दिवस एकच असणार. त्याची टिप रोज द्यायची की शेवटच्या दिवशी एकदम? माणशी धरायची की गाडीमागे? बऱ्याच लॉजवर रिसेप्शनपाशी सगळ्यांसाठी एकच पेटी असते. पण पहाटे तंबूबाहेर गरम पाणी आणून ठेवणारा, मागे भांडी घासणारा, यांच्या हातात त्यातले पैसे पडतात का? ज्यांचा चेहराही आपल्याला दिसत नाही ते राहून जाऊ नयेत, असं मनापासून वाटतं. जुन्या किंवा फाटक्या डॉलरच्या नोटा तिथे नाकारतात, म्हणून कोऱ्या घेऊन ठेवतेय. की शिलिंगच द्यावेत? जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा.