परकीय मदत आणि लोकशाही: जवळून पाहिलेलं लिहा

धागाकर्ता: सिद्धांत पुष्कळ वाचून झाले. परदेशी पैसा आला किंवा थांबला तेव्हा मतदानाचं, पक्षांचं, ग्रामसभेचं काय झालं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनी सांगा.

नैरोबीकर: आमचं हार्डवेअरचं दुकान होतं. गल्ल्यावर केनियाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांचा फोटो. तो नसला की विचारणा व्हायची. नोव्हेंबर 1991 मध्ये पॅरिसला देणगीदार देशांनी नवी मदत सहा महिने रोखली आणि डिसेंबरात एकपक्षीय राज्याचं कलम रद्द! श्रेय एकट्या गोऱ्यांना देऊ नका, लाठ्या तिथल्याच माणसांनी खाल्ल्या. 1992 च्या निवडणुकीआधी 500 शिलिंगच्या करकरीत नोटा दिसू लागल्या. विरोधक फुटले, मोई जेमतेम 36 टक्के मतांवर पुन्हा आले. पुढच्या वर्षी महागाई अशी, की खिळ्यांचा भाव पाटीवर सारखा खोडून लिहायचो. फोटो होता तिथेच.

ब्लँटायरला होतो: मलावीत निकाल वेगळा लागला. मार्च 1992 मध्ये कॅथलिक बिशपांचं सरकारवर टीका करणारं पत्र चर्चमध्ये वाचलं गेलं. ते जवळ बाळगणं हा गुन्हा. आमचा रखवालदार घडी करून बुटात ठेवायचा. मे महिन्यात देणगीदारांनी माणुसकीची मदत सोडून बाकी हात आखडता घेतला. जून 1993 च्या सार्वमतात एकपक्षीय राज्याला काळा कोंबडा हे चिन्ह, बहुपक्षीयला कंदील. कंदील जिंकला, पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष बांडा हरले.

साताऱ्याचे काका: 1966 च्या रेशनचा अमेरिकन लाल गहू आठवतो, पोळी चिवट. दिल्ली अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावर टीका करायची म्हणून तिथले अध्यक्ष जॉन्सनसाहेब गव्हाची जहाजं अडवून अडवून सोडायचे. तरी 1967 ला मतदान वेळेवर झालं, आणि काँग्रेस कितीतरी राज्यांत आपटली.

संस्थेची हिशेबनीस, नंदुरबार: आपल्याकडचा एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, मूळचा 1976 चा, आणीबाणीतला. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणं बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर. मोठ्यांनी निभावून नेलं. आमच्याकडून पैसे घेणारे तालुक्यातले छोटे गट मात्र आटोपले. त्यातली एक ताई ग्रामसभेआधी बायकांना घरकुलाची यादी वाचायला शिकवायची, कुणाचं नाव गाळलंय ते बोट ठेवून. तिचं मानधन पहिल्यांदा गेलं. परदेशी पैशावर ग्रामसभा जागी ठेवायची हे मलाही खटकायचं, पण गावातून वर्गणी द्यायला कोणी पुढे येईना. कुठे लोकवर्गणीवर असं काम चालू असेल तर पावत्या कशा फाडता, ते जरूर कळवा.