मदत हवी आहे : मावसभावाला कंडोमविषयी कोणत्या शब्दांत समजावावे?

नमस्कार. मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी यंत्रावर काम करतो. खानापूर तालुक्यातील माझा बावीस वर्षांचा मावसभाऊ दीड वर्षापासून माझ्याच खोलीवर राहतो. त्याचे एका सज्ञान मुलीवर प्रेम आहे. गेल्या महिन्यात आपण तिला दोनदा संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गर्भनिरोधक गोळी आणून दिली, असे त्याने स्वतःच मला सांगितले. कंडोम का वापरत नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "दादा, ती काय तसली मुलगी आहे काय?"

या वाक्यापाशी मी अडलो आहे. खोलीवर येणारी त्याच्या वयाची मुले अडाणी नाहीत. कंडोम कशासाठी असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. "मजा येत नाही" ही सबब सगळेच पुढे करतात, पण थोडा वेळ बोलत राहिले की कळते, त्यांच्या मनात कंडोम हा बाहेरच्या बाईसाठी असतो, आणि म्हणून आपल्या माणसासमोर तो काढणे म्हणजे एक तर तिच्यावर संशय घेणे किंवा स्वतः कुठेतरी जाऊन आल्याची कबुली देणे. एकदा त्याने विषय काढला तेव्हा तिनेही "माझ्यावर विश्वास नाही का?" असेच विचारले म्हणे.

लाजेचा भाग वेगळाच. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक असले की ही मुले डोकेदुखीची गोळी घेऊन परत येतात. गावी आशाताईंकडे मिळतो, पण त्या नात्याने त्याच्या वहिनी लागतात. त्याच्या पाकिटात एक कंडोम होता. कित्येक महिने मागच्या खिशात राहून वेष्टनाच्या कडा झिजून पांढऱ्या पडल्या होत्या. उष्णतेने आणि घासण्याने रबर कमकुवत होते, खोबरेल तेल लावले तर ते फाटू शकते, हे त्याला माहीत नव्हते; तेवढे मात्र त्याने लक्ष देऊन ऐकले.

ती गोळी नेहमी घेण्यासाठी नाही, तिने पाळीचे चक्र बिघडू शकते आणि संसर्ग तर मुळीच टळत नाही, हेही मी सांगितले. एचआयव्ही वर्षानुवर्षे लक्षणांशिवाय राहू शकतो, त्यामुळे यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्नच येत नाही, असे म्हटल्यावर तो उठून गेला. मला वाटते, रोगाचे नाव निघताच त्याला पुन्हा तोच संशय ऐकू आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शंभरातील सुमारे ३५ पुरुषांनी गर्भनिरोधन हे बायकांचे काम असल्याचे मान्य केले होते. माझा भाऊ त्यांच्यातलाच निघाला, याचे मला फार वाईट वाटते, कारण गोळीचा सगळा त्रास ती मुलगी सोसते आहे.

ज्यांनी धाकट्या भावाशी किंवा मित्राशी असे बोलून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे. रोगाऐवजी तिच्या काळजीपासून सुरुवात केली तर चालेल का? आमच्या भागात मिळणारी माहितीपत्रके कन्नडमध्ये असतात आणि मराठी शाळेत शिकलेली ही मुले ती बाजूला ठेवतात. सोप्या मराठीतील काही असल्यास कळवावे. एचआयव्ही-एड्सच्या माहितीसाठी असलेल्या १०९७ या मोफत क्रमांकावर कोणी मराठीतून बोलले आहे का? त्या मुलीशी मी परस्पर बोलणे मला योग्य वाटत नाही.

रविवारी तो गावाहून परत येईल. त्या रात्री पहिले वाक्य कोणते बोलावे?