जुगाराचे नियम कडक करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

नळस्टॉपकर
ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदीचा कायदा केला. इकडे पुण्यात पावसाळी हंगामात रेसकोर्सवर पैसे लागतात, राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे आणि टपरीमागे मटक्याची चिठ्ठीही फाडून मिळते. शिक्षा वाढवून फरक पडेल का? शिवाय आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर टेबलाला पैसे घेऊन रमी सुरू करायचा प्रस्ताव आलाय. त्यात गोम काय? किस्से नकोत, माहितगारांनी लिहा.

वकीलवाडा
शिक्षा आधीच आहे हो. १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्यात अड्डा चालवणाऱ्याला कलम ४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, तिथे सापडलेल्याला कलम ५ खाली सहा महिन्यांपर्यंत. त्यावर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ११२ आलं. टोळीने चालवलेल्या अनधिकृत सट्टा-जुगाराला एक ते सात वर्षं.

केस पडते ती पंचनाम्यात. कलम ६ प्रमाणे रीतसर अधिकार घेऊन छापा घातला असेल, तरच कलम ७ चं गृहीतक मिळतं: जुगाराचं साहित्य सापडलं म्हणजे जागा अड्डाच. कलम ६ मध्ये खोट निघाली की हे गृहीतक गेलं, आणि सगळं शून्यापासून सिद्ध करत बसा. दुसरी मेख नालेची, म्हणजे जागावाला खेळातून काढतो त्या वाट्याची. पत्त्यांच्या डावात जागावाला फायदा काढतो हे दाखवल्याशिवाय ती जागा ‘अड्डा’ ठरत नाही. पंचनाम्यात पत्ते, मोबाईल, रोकड सगळं लिहिलेलं असतं. पण नाल कोण काढत होतं, डावागणिक की तासागणिक, किती, पैसे कोणाच्या गल्ल्यात, हेच नेमकं नसतं.

रमीचं म्हणाल तर १९६७ च्या सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मुख्यतः कौशल्याची मानली. जागेचा आणि पत्त्यांचा खर्च भागेल इतकी बैठक-फी चालते, पण क्लब खेळातून नफा काढू लागला तर गुन्हा होऊ शकतो, असंही त्याच निकालात आहे. म्हणून सोसायटीने घ्यायचीच तर सगळ्यांकडून सारखी, ठरलेली रक्कम पावतीने घ्यावी. डावातल्या रकमेवर टक्का घेतलात की ती नालच. तीन पत्तीला तर हा कौशल्याचा आधारही नाही.

हिशेबनीस
कायद्यापेक्षा गणित बघा. मटक्यात एका आकड्यावर १० रुपये लावले आणि लागला, तर सर्वसाधारण भावाने ९० मिळतात. आकडे दहा, म्हणजे शंभरातले १० बुकीचे. दोन आकड्यांच्या जोड्या शंभर आणि भाव नव्वदपट, तिथेही तेच. दहा टक्के फार वाटत नाहीत. पण हातात येईल तेवढं परत लावत गेलं की १००० रुपयांचे दहा फेऱ्यांत सरासरी ३४९ उरतात. ओपन आणि क्लोज अशा दिवसाच्या दोन सोडती धरून मटक्याच्या एका बाजाराच्या दहा फेऱ्यांना पाच दिवस लागतात. मोबाईलवर दहा मिनिटं पुरतात.

तेव्हा आवळायचा तो वेग. सरकारला हे कळत नाही असंही नाही. १९९८ च्या लॉटरी कायद्यात एका आकड्यावर बक्षीस ठेवायला मनाई आहे आणि एका लॉटरीची सोडत आठवड्यातून एकदाच. हाच निकष ऑनलाइनला लावून भरण्याची मासिक मर्यादा घालता आली असती. सरसकट बंदीने तीही संधी गेली, कारण बेकायदा ॲपवर मर्यादा घालणार कोण?

खातेवही
हिशेबनीस, इथे पटत नाही. बंदीचा खरा उपयोग पैशांच्या वाटेवर आहे. २०२५ च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षाच नाही. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पैसे फिरवून देणाऱ्यालाही पुरवणाऱ्याइतकीच. ॲप बंद केलं की दुसऱ्या नावाने उगवतं, बँकेची खाती मात्र इतक्या पटापट उगवत नाहीत.

ही खाती भाड्याची असतात. महिन्याला काही हजार देऊन कोणाचं तरी बचत खातं, सिम आणि डेबिट कार्ड घेतलेलं असतं. ओळखायची खूण म्हणजे दर वेळी यूपीआय आयडी वेगळा आणि नाव भलत्याच माणसाचं. जिंकलेले पैसेही अशाच खात्यातून येतात. त्या खात्यावर फसवणुकीची तक्रार झाली की पैशांच्या मागावर तुमचंही खातं गोठतं, अगदी पगाराचंसुद्धा. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन करा; बारा अंकी यूटीआर म्हणजे व्यवहार क्रमांक, तारीख-वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. उशीर झाला तर पैसे पुढच्या चार खात्यांत पांगलेले असतात. ॲप आधी काढून टाकू नका, व्यवहाराची यादी त्यातच असते.

नळस्टॉपकर
फीचं समजलं, समितीला तसंच कळवतो. आणि खेळायला उसने घेतलेले पैसे? ते द्यावे लागतात का?

वकीलवाडा
पैजेचा करार करार कायद्याच्या कलम ३० ने रद्दबातल. जुन्या मुंबई इलाख्याच्या १८६५ च्या कायद्यामुळे आपल्याकडे जुगारासाठी दिलेलं कर्जही कोर्टातून वसूल होत नाही. सावकारालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो ‘घरखर्चासाठी हातउसने’ असं लिहून घेतो आणि वर सहीचा कोरा चेक. तो चेक न वटता परत आला की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची नोटीस येते. नोटिशीत १५ दिवस दिलेले असतात, ते गप्प बसून घालवू नका. कर्ज कशासाठी होतं हे दाखवणारे मेसेज जपून ठेवा आणि लेखी उत्तर द्या. विनापरवाना सावकारी असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडे २०१४ च्या सावकारी कायद्याखाली वेगळी तक्रार करता येते.