वॉटरशेड : पाणलोट की जलविभाजक?

प्रश्न : शहरातल्या पाण्यावरचं एक टिपण मराठीत लिहितोय. ‘वॉटरशेड’साठी कुणी ‘जलविभाजक’ सुचवतं, कुणी ‘पाणलोट क्षेत्र’. बरोबर कोणता? आणि ‘पाणलोट’ शहराला चालेल का? तो धरणाचा, शेतीचा शब्द वाटतो.

उत्तर : दोन्ही बरोबर, पण वस्तू वेगवेगळ्या. कौलारू घर डोळ्यांपुढे आणा. थेंब या अंगाला उतरणार की त्या, हे आढं ठरवतं. ते आढं म्हणजे जलविभाजक. ज्या उतारावरचं सगळं पाणी एकाच पन्हळीत येतं, तो उतार म्हणजे पाणलोट क्षेत्र. घोळ इंग्रजीतच आहे : ब्रिटिश वापरात वॉटरशेड म्हणजे मुख्यतः रेषा, अमेरिकी वापरात क्षेत्र. मूळ मजकूर कुठला आहे ते आधी पाहा.

शहराला तर ‘पाणलोट’ जास्तच लागू पडतो. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. १ हेक्टरवर १० मिलिमीटर पडला तर १ लाख लिटर. मोकळ्या मातीत त्यातलं बरंच जिरतं. डांबर, काँक्रीट आणि फरशीवरून जवळजवळ सगळं वाहून जातं, वाटेतलं तेल आणि कचरा घेऊन. हा खराखुरा लोट आहे. पावसाळी गटारं सांडपाण्याच्या गटारांपासून वेगळी असतात तिथे हे पाणी बहुधा शुद्ध न होताच ओढ्यात पडतं. शिवाय गटार नैसर्गिक चढ भेदून पलीकडच्या ओढ्यालाही पाणी नेऊ शकतं. त्यामुळे शहरातला पाणलोट आखताना जमिनीच्या उताराइतकाच गटारांचा नकाशा बघावा लागतो.

आणखी एक मत : ‘खोरं’ मोठ्या नदीसाठी ठेवा. लहानशा ओढ्यालाही पाणलोट असतो.

मला खरी काळजी ‘नाला’ या शब्दाची वाटते. ‘नदीनाले दुथडी भरून वाहू लागले’ म्हणताना नाला हा जिवंत प्रवाहच असतो. शहरात मात्र नाला म्हटलं की सांडपाणी. एकदा नाव गटाराच्या रांगेत बसलं, की त्यावर स्लॅब टाकणं, काठ बुजवणं कुणाला खटकत नाही. टिपणात नैसर्गिक प्रवाहाला सरळ ‘ओढा’ म्हणा, बांधलेल्याला ‘गटार’. आज त्यात मैला वाहत असला तरी ओढा तो ओढाच. पावसाचं पाणी अजून त्याच वाटेनं येतं, आणि पूरही.

प्रश्नकर्ता : पटलं. मग पहिलं वाक्य असं करतो : ‘आपल्या गच्चीवरचं पाणी ज्या ओढ्याला जातं, त्याच्या पाणलोट क्षेत्रात आपण राहतो.’

उत्तर : छान. फक्त ‘क्षेत्र’ काढा. ‘त्याच्या पाणलोटात आपण राहतो’ एवढं पुरे, बोलताना तसंच येतं.