दुष्काळात बालपण गेलेल्यांना पोट आणि शुगर जास्त का?

माळरान: वडील बीडकडचे, ७२ च्या दुष्काळात तीन-चार वर्षांचे असतील. आजी खडी फोडायला जायची, तिथली सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी यावरच घर चाललं. आता पुण्यात सगळं सुखात आहे पण हातपाय काटकुळे, पोट पुढे, शुगर पन्नाशीच्या आतच आली. वजन फक्त ६४! ताटात शीत सोडत नाहीत, वर नातवंडांचं उरलेलं पण संपवतात, आई ओरडते आता कुठे दुष्काळ पडलाय. डॉक्टर म्हणतात तोंडावर ताबा ठेवा. लहानपणच्या उपासमारीचा खरंच संबंध असतो का?

खिचडी_काकडी: असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांचं काम वाचा, १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत चालू आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण-एक किलोने हलकी, पण कमी काय तर मुख्यतः स्नायू, चरबी त्यामानाने टिकून. जेवणातली साखर जास्त करून स्नायूच उचलतात, तेच कमी म्हटल्यावर ती रक्तात राहणार ना. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या दुष्काळात जे आईच्या पोटात होते त्यांच्यातही पन्नाशीला साखरेचा घोटाळा जास्त दिसला. म्हणजे वडिलांच्या आधी आजीला काय खायला मिळत होतं ते पण बघायला लागेल. वजन सोडा, कंबर मोजा, आपल्या पुरुषांना ९० सेंमीच्या आत हवी.

रानभाजी७: आमच्या गावात सगळेच मिलो खाऊन वाढले हो, काका पंच्याहत्तरीत, शुगर नाही काही नाही. उगाच दुष्काळावर ढकलू नका, खुर्चीत बसून चहा-फरसाण चालू असेल!!

खिचडी_काकडी: काका अजून शेतात जातात का? मग उत्तर तिथेच आहे. कमी खाण्यात घडलेल्या शरीराला पुढे बसून भरपूर मिळालं की त्रास होतो, नुसत्या दुष्काळाने नाही.

सायली_गच्ची: आमच्याकडे खायला होतं पण वडील पिऊन यायचे, रात्रभर तमाशा. मी फडताळामागे बसून गूळ-शेंगदाणे खायचे आणि आजही टेन्शन आलं की हात डब्याकडेच जातो, भूक नसते तरी. अमेरिकेत फेलिटी म्हणून डॉक्टर वजन कमी करायचं क्लिनिक चालवायचे, चांगलं वजन उतरलेले लोकच मधून सोडून जायला लागले, विचारल्यावर कळलं की बऱ्याच जणांचं लहानपणी शोषण झालेलं. त्यावरून १७ हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ ला छापून आले. लहानपणी जितके जास्त प्रकारचे त्रास तितका पुढे लठ्ठपणा, हृदयविकार वगैरेंचा धोका जास्त. सगळ्यांना होतंच असं नाही, पण "तोंडावर ताबा" म्हणणाऱ्या डॉक्टरचा मला रागच येतो.

माळरान: कंबर मोजली, ९८. आजी नाही आता, पण वडिलांच्या आधीचं एक मूल गेलं होतं एवढं आत्याकडून कळलं. वडिलांना हे वाचून दाखवलं, ते म्हणाले मग मी हावरट नाही तर. आता नातवंडांच्या ताटाचं काय करू?

सायली_गच्ची: पोरांनाच कमी वाढा. लागलं तर मागतील.