चॅपल हिलसाठी न्यू जर्सीतून अर्ज : मुलीच्या प्रवेशाची शक्यता कितपत धरावी?

मीनल (एडिसन, न्यू जर्सी), ११ ऑगस्ट २०२४

नमस्कार. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये बारावीत जाईल. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल येथील कॉलेजात शिकण्याची तिची मनापासून इच्छा आहे, कारण तेथील गिलिंग्ज स्कूल या सार्वजनिक आरोग्याच्या शाखेत पदवीच्या पातळीवरच बायोस्टॅटिस्टिक्स (आरोग्यविषयक माहितीचे संख्याशास्त्र) हा विषय घेता येतो आणि ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. अवघड विषयांचे जादा वेटेज न धरता तिचा जीपीए (शालेय गुणांची ४ पैकी सरासरी) ३.९ आहे आणि एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण १६०० पैकी १४९० आहेत. बारावी संपेपर्यंत कॅल्क्युलस बीसी, स्टॅटिस्टिक्स आणि बायोलॉजी धरून तिचे आठ एपी (शाळेतच घेता येणारे कॉलेजच्या पातळीचे) विषय पूर्ण होतील. तिची शाळा विद्यार्थ्यांचे क्रमांक लावत नाही. दोन वर्षांपासून ती दर शनिवारी गावातील फूड पॅन्ट्रीत (गरजू कुटुंबांना मोफत खाद्यपदार्थ देणाऱ्या केंद्रात) काम करते, रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना शिकवायला मदत करते आणि शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवते.

या कॉलेजात पाच-सहा अर्जदारांपैकी एकाला प्रवेश मिळतो, असे वाचले. नॉर्थ कॅरोलायनातच शार्लटला राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या मुलाला गेल्या वर्षी माझ्या मुलीपेक्षा थोड्या कमी गुणांवर प्रवेश मिळाला, त्यामुळे घरात सर्वांनी ही गोष्ट जवळजवळ ठरल्यासारखी धरली आहे. ते योग्य आहे का, हे जाणकारांनी स्पष्ट सांगावे.

सुहास (केरी, नॉर्थ कॅरोलायना), ११ ऑगस्ट

मीनलताई, तुमच्या मुलीची तयारी उत्तम आहे, हे आधी सांगतो. मात्र भाच्याचे उदाहरण तुम्ही मनातून पूर्णपणे काढून टाकावे, कारण तो आणि तुमची मुलगी एकाच कॉलेजाला अर्ज करत असले तरी एकाच रांगेत उभे नाहीत. आमच्या राज्यातील सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळाने १९८६ मध्ये नियम केला की, पहिल्या वर्षाच्या वर्गात परराज्यातील विद्यार्थी १८ टक्क्यांहून अधिक असू नयेत. अलीकडे याच विद्यापीठ-समूहातील काही इतर कॉलेजांची मर्यादा वाढवण्यात आली, पण चॅपल हिलची १८ टक्क्यांवरच ठेवली. मर्यादा ओलांडली तर कॉलेजाला सरकारी पैशात कपात सोसावी लागते, त्यामुळे हा नियम कागदावर राहत नाही.

आता हिशेब करून पाहा. पहिल्या वर्षाचा वर्ग साधारण ४,६०० विद्यार्थ्यांचा असतो. त्याचे १८ टक्के म्हणजे सुमारे ८३० जागा, आणि या ८३० मध्ये न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास, शिवाय परदेशातून येणारे आणि संघासाठी निवडलेले परराज्यातील खेळाडू असे सगळेच येतात. निवडलेल्यांपैकी बरेच जण दुसरीकडे जातात, म्हणून कॉलेज त्याहून कितीतरी अधिक जणांना पत्र पाठवते, हे खरे. तरीही अलीकडच्या वर्षांत परराज्यातील अर्जदारांपैकी १० टक्क्यांहून कमी जणांना प्रवेश मिळाला आहे, तर राज्यातील दहांपैकी सुमारे चौघांना मिळाला. तुम्ही वाचलेला आकडा या दोन्हींची सरासरी आहे आणि ती कोणालाच लागू पडत नाही. आम्ही येथे कर भरतो म्हणून आमच्या मुलांसाठी दार अधिक उघडे आहे, हे त्यामागचे साधे कारण आहे.

म्हणून माझ्या मते तुमच्या मुलीने अर्ज अवश्य करावा, पण घरात हे नाव ‘मिळाले तर आनंद’ या यादीत असावे. एसएटीचे गुण पाठवणे तिच्यासारख्या विद्यार्थ्यांना ऐच्छिक आहे. १४९० मात्र पाठवावेत. १५ ऑक्टोबरपर्यंत अर्ली ॲक्शनने (नेहमीच्या मुदतीआधी) अर्ज केला तर ३१ जानेवारीपर्यंत उत्तर येते आणि प्रवेश मिळाल्यास तो घेतलाच पाहिजे, असे बंधनही नसते.

एक प्रश्न विचारतो. फूड पॅन्ट्रीत ती नेमके काय करते?

मीनल, १२ ऑगस्ट

सुहासदादा, मनापासून आभार. वाचताना वाईट वाटले, पण हे आत्ता कळले ते बरे झाले. पॅन्ट्रीत ती आधी पिशव्या भरत असे. दुपारपूर्वीच दूध संपते आणि उशिरा येणारी कुटुंबे रिकाम्या हाताने जातात, हे तिच्या लक्षात आले, तेव्हा तिने एक वही सुरू केली. त्या वहीत तीन रकाने आहेत: तारीख, दूध किती वाजता संपले आणि त्यानंतर किती कुटुंबे परत गेली. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दूध सर्वांत लवकर संपते, हे त्यातून दिसल्यावर तेथील व्यवस्थापक बाईंनी त्या आठवड्याची मागणी वाढवली. हे अर्जात लिहिण्याजोगे आहे, असे आम्हाला वाटलेच नव्हते.

वृंदा (अटलांटा, जॉर्जिया), १२ ऑगस्ट

मीनलताई, ती वही म्हणजेच तुमच्या मुलीचा अर्ज आहे, असे मी म्हणेन. या वर्षी चॅपल हिलने दोन छोटे निबंध मागितले आहेत. एकात स्वतःचा एखादा गुण प्रसंगातून दाखवायचा आहे आणि दुसऱ्यात कॉलेजात ज्याचा अभ्यास करण्याची ओढ आहे, असा विषय मांडायचा आहे. प्रत्येकी २५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ यासारख्या वाक्यांना त्यात जागाच नाही. बायोस्टॅटिस्टिक्स का, याचे उत्तर त्या तीन रकान्यांत आहे, आणि जीपीए ३.९ असलेल्या हजारो मुलांत ते दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

शक्यता मोजण्याबद्दल माझा कडू अनुभव सांगते. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही एका खासगी समुपदेशकांकडे भरपूर पैसे भरले आणि त्यांनी संगणकावर गुण घालून परराज्यातील एका नावाजलेल्या सार्वजनिक विद्यापीठात प्रवेशाची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक असल्याचे लिहून दिले. त्या हिशेबात त्याचे राज्य कुठेच धरलेले नव्हते. नकार आला तेव्हा माझा मुलगा दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, कारण नशिबाचा भाग असलेली गोष्ट आम्ही त्याला हक्काची म्हणून सांगितली होती. नकाराइतकेच आमच्या त्या आश्वासनानेही त्याला दुखावले, याची खंत मला आजही आहे.

तेव्हा अशा टक्केवारीऐवजी शाळेच्या काउन्सेलरना भेटा. तुमची शाळा नॅव्हिअन्स (मागील अर्जांच्या नोंदी ठेवणारी संगणकप्रणाली) वापरत असेल, तर मागील वर्षांत तुमच्याच शाळेतून चॅपल हिलला कोणत्या गुणांवर कोण स्वीकारले गेले, याचा नावे वगळलेला आलेख पाहायला मिळतो, त्यात एकेक बिंदू म्हणजे एकेक विद्यार्थी. तुमच्या शाळेतील सगळे बिंदू परराज्यातलेच असल्याने हा पुरावा कोणत्याही सरासरीपेक्षा जवळचा आहे. अर्थात एखादा बिंदू खेळाडूचा असू शकतो, हे काउन्सेलरना विचारूनच कळते. शाळा किती एपी विषय शिकवते, हेही काउन्सेलर चॅपल हिलला कळवतात. पंचवीसपैकी आठ आणि दहापैकी आठ यांचा अर्थ वेगवेगळा होतो.

सुहास, १३ ऑगस्ट

वृंदाताईंशी मी पूर्ण सहमत आहे. खर्चाचा विषयही आत्ताच बोलून घ्यावा. २०२४-२५ च्या दरांनी परराज्यातील विद्यार्थ्याला शिक्षणशुल्क आणि फी मिळून वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास भरावे लागतात आणि राहणे-जेवणे धरून हा आकडा ६० हजारांच्या पुढे जातो. आमच्या राज्यातील मुलांचे शुल्क सुमारे ९ हजार आहे. तुमच्या मुलीला रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात शुल्क आणि फीपोटी १७-१८ हजार पडतील. पात्र विद्यार्थी परराज्यातील असला तरी चॅपल हिल त्याची सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवते, ही त्या कॉलेजाची फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी फॅफ्सा (संघराज्य सरकारच्या मदतीचा) आणि सीएसएस प्रोफाइल (कॉलेजाच्या मदतीचा) हे दोन्ही अर्ज वेळेत भरावे लागतात. मात्र तुम्ही ग्रीन कार्डावर आहात की मुलगी अजून एच-४ वर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आहे? एच-४ वरील मुलांना फॅफ्सा भरता येत नाही आणि संघराज्य सरकारची मदत मिळत नाही.

मीनल, १३ ऑगस्ट

मुलगी एच-४ वरच आहे. आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज अनेक वर्षे रांगेत आहे.

वृंदा, १४ ऑगस्ट

मग साठ हजारांचा आकडा पूर्ण भरायचा आहे, असेच धरून चाला. ती २१ वर्षांची झाली की एच-४ संपेल आणि तोवर ग्रीन कार्ड आले नसेल तर तिला एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर जावे लागेल. बहुधा हे शेवटच्या वर्षी, परीक्षांच्या धामधुमीत येईल, म्हणून तिच्या वाढदिवसाची तारीख समोर ठेवून वकिलांशी आधीच बोला. पूर्ण खर्च देणारी मोरहेड-केन शिष्यवृत्ती परदेशी विद्यार्थ्यांनाही खुली आहे. मिळणारे मोजकेच असतात, तरी तिचा अर्ज अवश्य करावा. त्याची मुदत आधी, १ ऑक्टोबरला संपते. पॅन्ट्रीच्या व्यवस्थापक बाईंशी याच आठवड्यात बोला. वही त्यांनी स्वतः पाहिली आहे, तेव्हा एखादे शिफारसपत्र त्यांच्याकडूनही घ्यावे.

मीनल, १४ ऑगस्ट

शनिवारी मुलीसोबत मीही पॅन्ट्रीत जाईन आणि त्यांना विचारेन. काउन्सेलरची वेळ शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातली मागितली आहे. रटगर्सच्या ऑनर्स कॉलेजचा अर्जही तिने काल रात्री उघडला.