शिडी घाटाने भीमाशंकर : तुमचे अनुभव सांगा

येत्या थंडीत आम्ही काही जण खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकरला चढणार आहोत. गणेश घाट सगळ्यांच्या पायाखालचा आहे, शिडी घाट मात्र फक्त मीच चढलेय. सोबत माझी मोठी ताई आहे. तिचा दम चांगला आहे, पण उंचीवरून खाली पाहिलं की तिचे हातपाय गार पडतात.

वाट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : खांडस गावातून डांबरी सडकेने पुलापर्यंत जायचं. तिथून उजवीकडे गणेश घाट, डावीकडे शिडी घाट. गणेश घाट लांबचा आणि सोपा आहे. शिडी घाटाची वाट जंगलातून ओढ्याच्या घळीत शिरते. तिथे कातळाला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. त्या पार करून पदरवाडीच्या पठारावर आलं की दोन्ही वाटा एकत्र होतात. पायथा ते माथा चढाई ढोबळमानाने ९०० मीटर, म्हणजे शिड्या संपल्या तरी निम्म्याहून जास्त दमणूक बाकीच असते.

दोर न्यायचा का, कोणाला कुठे ठेवायचं, किती वाजता निघायचं, हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहावं. 'मस्त ट्रेक आहे, नक्की करा' एवढंच नको, ही विनंती.

डोंबिवलीहून

मुलाला घेऊन गेले होते, तो तेव्हा दहावीत होता. घरून निघताना सगळी धास्ती शिड्यांची होती. तिथे गेल्यावर कळलं की शिडी हाताला घट्ट लागते, पायऱ्या मोजत माणूस चढून जातो. अवघड आहे ते शिडीवरून कातळावर पाऊल टाकणं आणि त्यापुढची आडवी वाट. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि हाताला फक्त दगडातल्या खाचा. मुलाची सॅक फुगीर होती. ती कातळाला घासून त्याला बाहेर ढकलत होती. आमच्या म्होरक्यांनी ती उतरवून घेतली, दोराने वर ओढली, मगच त्याला पुढे सोडलं. तेव्हा सॅक लहान हवी, अंगालगत हवी, आणि बाहेर काहीही लोंबता कामा नये. पाण्याची बाटलीसुद्धा आतच.

पुण्याहून

बरीच वर्षं सह्याद्रीत गट घेऊन जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोर न्याच. पण तो बांधणार कोण, हे आधी ठरवा. पक्कं झाड किंवा पक्का दगड ओळखता येणारा, वर बसून दोर सांभाळणारा माणूस गटात नसेल, तर दोर असूनही उपयोग नाही. उलट लोक त्यालाच लोंबकळतात. कोणीतरी मागे सोडलेला जुना दोर दिसला तर त्यावर भार टाकू नका. ऊन-पावसाने तो आतून कुजलेला असतो. कमरेला हार्नेस (दोर अडकवायचा पट्टा), डोक्याला हेल्मेट. हेल्मेट पडण्यासाठी कमी, वरून येणाऱ्या दगडांसाठी जास्त. घळीत वर चालणाऱ्याच्या पायाने सुटलेला दगड खालच्यांकडेच येतो, म्हणून शिडीच्या थेट खाली घोळका करून थांबू नये. एका वेळी शिडीवर एकच माणूस.

आता ताईंविषयी. 'खाली बघू नकोस' हे कोणी कोणाला सांगू नये. पाय टेकवायला खाली बघावंच लागतं! त्याऐवजी एका अनुभवी माणसाने पुढे, एकाने मागे राहावं आणि मागच्याने शांत आवाजात पुढची खाच दाखवत राहावं. तीन अवयव टेकलेले, चौथाच हलवायचा, हा प्रस्तरारोहणाचा साधा नियम घरच्या जिन्यावर सांगून काही होत नाही. आधी एखाद्या रविवारी त्यांना रॉक क्लाइंबिंगच्या सरावाला न्या. तिथे दोरावर भार टाकून लोंबकळायला सांगा. दोर धरून ठेवतो हे एकदा अंगाला कळलं की निम्मी भीती जाते.

आणि पहिल्या शिडीपाशी त्या 'नको' म्हणाल्या तर तेच अंतिम. त्यांच्याबरोबर कोण मागे फिरणार, ते नाव आदल्या दिवशी ठरवा. तिथे उभं राहून ठरवायला गेलं की आग्रह होतो.

कर्जतहून

पावसाचं मी सांगतो. ही घळ म्हणजे ओढ्याचीच वाट आहे. खाली खांडसला ऊन असतं आणि वर भीमाशंकरच्या पठारावर धो धो कोसळत असतं. ते सगळं पाणी इथूनच खाली येतं. पावसाळ्यात प्रशासन बऱ्याचदा बंदी घालतं आणि लोक तरीही येतात, याचा आम्हा खालच्यांना फार त्रास होतो, कारण शोधायला आमचीच पोरं जातात. थंडीचा बेत उत्तम. ऑक्टोबरात मात्र शेवाळ पुरतं वाळलेलं नसतं, नोव्हेंबरनंतर या. खांडसमधला वाटाड्या घ्या.

मंचरहून

माझी बाजू वरची. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी देवळापाशी एवढी गर्दी असते की थकलेल्या माणसाला टेकायला जागा मिळत नाही. ते दिवस टाळा. एरवी उतरायचा कंटाळा आला तर माथ्यावरून मंचर, राजगुरुनगरकडे एसटी आहे. वरचं जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे. पहाटे निघून वेळेत पोचलात तर घाई न करता झाडांवर नजर ठेवा. शेकरू दिसण्याची शक्यता इथे चांगली.

ठाण्याहून

पुणेकरांच्या सगळ्या म्हणण्याला अनुमोदन. एकच भर : शिडी घाटाने चढा, पण उतरू नका. उतरताना खाच दिसत नाही, पाय चाचपडत राहतो आणि तोवर गुडघेही थकलेले असतात. परत गणेश घाटानेच या. रविवारी मोठे गट येतात आणि आडव्या वाटेवर चढणारे-उतरणारे समोरासमोर अडकतात. शक्य असेल तर मधला वार धरा, नाहीतर उजाडताना पूल सोडा.

आणि खांडसहून संध्याकाळी कर्जतकडे गाडी मिळेलच असं धरू नका. सकाळी ज्या टमटमने याल, त्याच्याशीच परतीचं बोलून ठेवा. घळीत मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका, म्हणून अमुक वाजेपर्यंत आलो नाही तर कोणाला कळवायचं, हेही त्याला लिहून द्या.